पाण्याचें ऋण

'तळें राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपल्याकडे बहुधा थोडेसे डोळे मिचकावून उच्चारली जाते. सार्वजनिक कामावर बसलेल्या माणसाच्या हातास कांहीं लागलें, तर तें फारसें मनावर घेऊं नये, एवढाच तिचा व्यावहारिक अर्थ आतां उरला आहे. परंतु ती ज्या काळीं जन्मास आली त्या काळीं तिच्यांत निराळाच करार असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. जो बांध घालतो, गाळ उपसतो, गुरें आंत उतरूं देत नाहीं, त्यानें पाणी प्यावें. आणि ज्याला प्यावयाचें आहे त्यानें राखणीचा वांटा उचलावा. ह्या उत्तरार्धाचा उच्चार म्हणींत नाहीं, पण तो तिच्या पोटांत आहे. राखणारा आणि चाखणारा हे दोन निराळे पुरुष झाले, तर त्यांच्यामध्यें देणेंघेणें काय असावें, हें मात्र म्हणीनें सांगितलेलें नाहीं. कारण त्या काळीं हा प्रश्न उत्पन्नच झाला नव्हता. आज तो उत्पन्न झाला आहे, आणि आम्हां शहरांतील मध्यमवर्गीयांच्या घरांतील प्रत्येक नळाच्या तोंडाशीं तो उभा आहे.

हा प्रश्न डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, तर ठाण्यांतील माजिवड्याच्या नाक्यासारखी दुसरी जागा नाहीं. मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता आणि घोडबंदरचा रस्ता येथें एकमेकांस भेटतात. शेजारच्या वस्तीचें नांव कापूरबावडी. म्हणजे नांवांतच एक विहीर आहे, मग ती बावडी आज कोणास दाखवितां येवो वा न येवो. ह्याच भागांत जमिनीखालून खोल बोगद्यानें मुंबईचें पाणी भांडुपकडे जातें. आणि जमिनीवर, उन्हाळा लागला कीं, घोडबंदर रस्त्याच्या गृहसंकुलांकडे पाण्याचे टँकर धांवूं लागतात. खालीं दुसऱ्या शहराची नदी आणि वर विकत घेतलेलें पाणी, अशा ठिकाणीं हजारों सुशिक्षित कुटुंबें राहतात, आणि त्यांतील बहुतेकांस आपल्या तांब्यांतील पाणी कोणत्या डोंगरावर पडलें हें सांगतां येणार नाहीं.

ठाणें हें तळ्यांचें शहर. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी, आंबे-घोसाळे, मखमली हीं नांवें ठाणेकरांच्या तोंडीं अजून आहेत. पूर्वीं येथें साठांहून अधिक तळीं होतीं असें सांगतात. आज पस्तीसच्या आसपास राहिलीं आहेत. त्यांतील पाणी आतां कोणी पिण्यास घरीं नेत नाहीं. तीं फिरावयाचीं, नावेंत बसावयाचीं आणि संध्याकाळीं भेळ खावयाचीं ठिकाणें झालीं आहेत. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण तळें पिण्याचें होतें तेव्हां त्यांत कोण काय टाकतो ह्याकडे साऱ्या वस्तीचा डोळा असे. तें शोभेचें झाल्यावर तो डोळा मिटला, आणि राखणी पगारी माणसाकडे गेली.

आपल्या धर्मशास्त्रानें यज्ञयागादि 'इष्ट' कर्मांच्या जोडीनें विहिरी, तळीं, पाणपोया बांधणें ह्यास 'पूर्त' म्हणून मोठें मानाचें स्थान दिलें आहे. नानासाहेब पेशव्यांनीं १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें पुण्यांतील हौदांपर्यंत पाणी खेळविलें; अहल्याबाई होळकरांनीं ठिकठिकाणीं विहिरी आणि घाट बांधिले. हीं सारीं पूर्तकर्में होत. त्यांत देणाऱ्याचें पुण्य सविस्तर वर्णिलें आहे. पिणाऱ्यानें पाणी विटाळूं नये, त्यांत घाण टाकूं नये, हेंहि बजावलें आहे. परंतु पिणाऱ्यानें किती घ्यावें ह्याविषयीं फारसें बोलणें आढळत नाहीं. बोलण्याचें कारणच नव्हतें. खांद्यावरची कावड आणि डोक्यावरची घागर हेंच माप होतें, आणि तें माप शास्त्रापेक्षां अधिक कडक होतें.

जुन्या घरांत पाणी कसें वापरलें जाई हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना आमचें म्हणणें पटेल. तांदूळ धुतलेलें पाणी गाईच्या आंबोणांत, मोरीचें पाणी मागील दारच्या अळवाच्या आळ्यांत आणि केळींच्या बुंध्याशीं, धुण्याचें शेवटचें पाणी अंगणांत शिंपडावयास. एकाच घागरीचे असे दोन-तीन जन्म होत. हल्लींचीं व्याख्यानें ऐकलीं म्हणजे वाटतें कीं, आमचे पूर्वज मोठे निसर्गभक्त होते. वस्तुतः त्या काटकसरीमागें तत्त्वज्ञान नव्हतें. रहाटाचा दोर होता. आणि तो दोर ओढणारे हात बहुधा बायकांचे असत. पहांटे उठून विहिरीवर जाणारी सून आणि ओसरीवर बसून चूळ भरणारा सासरा, ह्या दोघांपैकीं पाण्याचें मोल कोणास ठाऊक होतें हें सांगावयास नको. त्या दिवसांच्या आठवणींनीं गहिंवरणारे बहुधा पुरुषच असतात, हेंहि सहज समजण्यासारखें आहे.

कष्टाच्या भयानें जें जपलें जातें त्यास सद्गुण म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. तो शरीराचा हिशेब होय. परंतु त्या हिशेबांत एक सोय होती: तो कोणास शिकवावा लागत नसे. नळ आला, कष्ट गेले, आणि कष्टांबरोबर माप गेलें. आतां जें जपणें व्हावयाचें तें केवळ समजुतीनें व्हावयाचें आहे. आणि समजुतीचे खांदे दुखत नाहींत, हीच सारी अडचण आहे.

ह्यावरून नळ हाच अनर्थ होय असें अनुमान कोणी काढील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. तळें राखणाऱ्यांच्या जुन्या करारांत एक भयंकर कलम होतें: कोणीं चाखूं नये, हेंहि राखणारेच ठरवीत. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. ही गोष्ट त्या काळीं केवढी मोठी ठरली, ह्यावरूनच बाकीच्या हौदांची स्थिति कळते. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव १९२३ सालीं संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचें ठरविलें. कागदावर सारें झालें होतें. तरी त्या पाण्याची ओंजळ भरण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ हजारों माणसें तळ्याकडे चालून गेलीं. पुढें त्या तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली, आणि हक्काचा वाद उच्च न्यायालयांत मिटण्यास १९३७ साल लागलें. त्याच तळ्यावर गुरें पाणी पीत, त्यास कोणाची हरकत नव्हती. नळाच्या बाजूनें सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, तो पाणी घेणाराचा हात पाहत नाहीं. शिवाय पटकीसारख्या रोगांचा जोर शुद्ध केलेल्या पाण्यानेंच ओसरला. जुन्या तळ्याचे गोडवे जो गातो, त्यानें त्या तळ्याच्या कोणत्या पायरीपर्यंत आपणांस उतरूं दिलें असतें, हें आधीं स्वतःस विचारून पाहावें.

परंतु नळ जसा हात पाहत नाहीं, तसा तो उगमहि दाखवीत नाहीं. मुंबईस विहारचें पाणी १८६० सालीं आलें, तुळशीचें १८७९ सालीं. तोंवर उगम शहराच्या शेजारीं, साष्टींत होता. १८९२ सालीं तानसाचें पाणी आलें आणि शहराचा हात ठाणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत पोंचला. पुढें वैतरणा, मग भातसा, मग २०१४ सालीं मध्य वैतरणा. आज मुंबई दररोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी घेते, आणि त्याचा फार मोठा भाग शहापूर तालुक्यांतून वा त्याच्या शिवेवरून येतो. ठाणें शहरहि त्याच दिशेस ओंजळ पसरून आहे. भातसेचें पाणी पिसे येथें उचलून टेमघर येथें शुद्ध करावयाचें. कांहीं 'स्टेम' प्राधिकरणाकडून घ्यावयाचें, कांहीं औद्योगिक विकास महामंडळाकडून, आणि कांहीं मुंबईच्या नळांतून. कल्याण-डोंबिवलीची तहान उल्हास नदी भागविते, आणि उन्हाळ्यांत त्या नदीस बारवी धरणाचा आधार असतो. तळ्यांच्या शहराच्या ह्या यादींत त्याच्या स्वतःच्या तळ्यांपैकीं एकहि नाहीं.

आतां ज्या शहापूर तालुक्यांत तानसा आणि भातसा हीं धरणें आहेत, तेथील कित्येक गांवपाड्यांस दर उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पुरवावें लागतें. धरणापासून निघालेला प्रचंड नळ डोंगराच्या कडेनें जातो, आणि जवळच्या पायवाटेनें बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. हें चित्र वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां छापून आलें आहे कीं, आतां त्याचा धक्का बसेनासा झाला आहे. जंगल त्यांचें, बुडालेली जमीन त्यांची. तळें राखणारे ते, आणि चाखणारे आपण.

सरकारी मोजमापांत हा भेद अगदीं उघड नोंदलेला आहे. सांडपाण्याच्या गटारांची सोय असलेल्या शहरांत दरमाणशीं दररोज १३५ लिटर, महानगरांत १५०, असें शहरी योजनांचें प्रमाण. आणि २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेंत खेड्यांतील माणसास ५५ लिटर. ह्या भेदास तांत्रिक कारणें आहेत हें आम्ही जाणतों. शहरांतील शौचकूप धुण्यास आणि मैला गटारांतून वाहून नेण्यास पाणी लागतें. तरी १३५ आणि ५५ ह्यांमधील अंतर ८० लिटरांचें आहे, म्हणजे नुसतें अंतरच खेड्यांतील माणसाच्या संपूर्ण वांट्याहून मोठें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन शहरावर २०१८ सालीं नळ कोरडे पडण्याची पाळी आली, तेव्हां तेथील नागरिकांस दररोज ५० लिटरांची मर्यादा घालण्यांत आली, आणि त्याच्या बातम्या साऱ्या जगांत झाल्या. ज्या मापास जगानें संकट म्हटलें, त्याहून पांचच लिटर अधिक हें आपल्या खेड्यांकरितां योजनेचें ध्येय आहे. आणि तें गांठलें म्हणजे आपण समारंभ करतों.

येथें शहरांतील सुशिक्षित गृहस्थ दोन आक्षेप घेतो, आणि ते दोन्ही विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला: आम्ही पाणीपट्टी भरतों, विकत घेतलेल्या वस्तूचें ऋण कसलें? दुसरा अधिक अवघड: मीं माजिवड्यास दाढी करतांना नळ बंद ठेवला, तर वांचलेलें पाणी शहापूरच्या पाड्यांत थोडेंच जाणार आहे? तें माझ्याच शेजाऱ्याच्या मोटारीवर ओतलें जाईल.

पहिल्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. पाणीपट्टी ही पाण्याची किंमत नव्हे. ती पाणी उपसण्याची, गाळण्याची आणि वाहून आणण्याची मजुरी होय. आणि पुष्कळ नगरपालिकांत तीहि पुरती वसूल होत नाहीं. पाऊस कोणीं विकलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं कमलनाथ प्रकरणांत असें तत्त्व स्वीकारलें कीं, नद्या, जंगलें अशी संपत्ति सरकारजवळ जनतेच्या वतीनें विश्वस्त म्हणून असते. जी वस्तु विश्वस्तानें स्वतःची म्हणून विकावयाची नाहीं, ती आपण विकत घेतली असें कसें म्हणतां येईल? आपण देतों ती हमाली.

दुसऱ्या आक्षेपांतील वस्तुस्थिति खरी आहे. एका घरचा वांचलेला तांब्या शहापुरास जात नाहीं. परंतु शहराची एकंदर तहान कागदावर मांडली जाते, आणि त्या कागदावरून पुढचें धरण ठरतें. मुरबाड तालुक्यांतील काळू नदीवरचें धरण ह्या महानगर प्रदेशाच्या वाढत्या मागणीच्या नांवानेंच आंखलें गेलें. जंगलाच्या जमिनीसंबंधींच्या परवानग्यांवांचून चाललेलें त्याचें काम उच्च न्यायालयानें २०१२ सालीं थांबविलें. तरी त्याची आवश्यकता त्यानंतरहि पुन्हां पुन्हां मांडली गेली आहे. तांब्या शहापुरास जात नसेल. पण न वांचविलेल्या तांब्यांची बेरीज मुरबाडास जाते, आणि तेथें ती भिंत होऊन उभी राहूं पाहते. त्या भिंतीमागें ज्यांचीं घरें जावयाचीं, त्यांतील पुष्कळ आदिवासी आहेत, आणि त्यांच्या मागणीचा कागद कोणीं मागितलेला नसतो.

तथापि ह्यावरून सारा दोष दाढी करणाऱ्या गृहस्थाच्या माथीं मारणें हा दुसऱ्या टोंकाचा अन्याय होईल. ठाणें शहरास दररोज सुमारें ५९ कोटी लिटर पाणी मिळतें. २०११च्या शिरगणतींत शहराची वस्ती १८ लक्ष ४१ हजारांवर होती. ती आतां पंचवीस लक्ष धरली, तरी दरमाणशीं २३० लिटरांहून अधिक पाणी येतें. मग घोडबंदर रस्त्यावर टँकर कां? दिव्यासारख्या वस्तींत हंड्यांची रांग कां? वाटेंत गळतें, चोरीच्या जोडण्यांतून जातें, दुकानें आणि कारखाने घेतात, आणि उरलेलें सारखें वांटलें जात नाहीं. नळ हात पाहत नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. पण तो उंची पाहतो आणि अंतर पाहतो. नळाच्या शेवटच्या टोंकास राहणें ही आजच्या शहरांतली एक नवी जातच होऊन बसली आहे. २०१७ सालीं पाण्याच्याच प्रश्नावरून उच्च न्यायालयानें घोडबंदर रस्त्याच्या भागांतील नव्या बांधकामांवर कांहीं काळ निर्बंध घातला होता. पुढें तो सैल झाला आणि इमले पुन्हां चढूं लागले.

हें दुखणें नवें नाहीं. इसवी सन ९७ मध्यें रोम शहराच्या पाणीपुरवठ्यावर फ्राँटिनस नांवाच्या अनुभवी गृहस्थाची नेमणूक झाली. त्यानें कालव्यांचीं मापें घेऊन एक ग्रंथ लिहिला. उगमाशीं येणारें पाणी आणि शहरांत वांटलें जाणारें पाणी ह्यांचा मेळ बसत नाहीं, आणि मधल्यामध्यें भोकें पाडून तें पळविलें जातें, अशी त्यांत स्पष्ट तक्रार आहे. आणि आपल्याच खात्याचे नोकर ह्या चोरींत सामील आहेत, हें सांगण्यासहि तो कचरला नाहीं. एकोणीसशें वर्षें झालीं; भोकें तींच आहेत. अनुकरण करण्यासारखी गोष्ट ही कीं, ह्या अधिकाऱ्यानें आरंभ स्वतःच्या खात्याचीं मापें तपासण्यापासून केला. आपल्या देशांतील कित्येक शहरांत तिसरा हिस्सा वा त्याहूनहि अधिक पाणी हिशेबाबाहेर जातें. फुटलेल्या नळाशेजारीं 'पाणी जपून वापरा' असा फलक जेव्हां झळकतो, तेव्हां तो वाचणाराच्या मनांत जें येतें त्यास नीतीचा अभाव म्हणतां येणार नाहीं.

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ मलकापूर म्हणून तीसएक हजार वस्तीचें लहान शहर आहे. तेथें ह्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास नळास पाणी देण्याची योजना अमलांत आली. प्रथमदर्शनीं हें उधळपट्टीस आमंत्रण वाटेल. अनुभव उलट आला. प्रत्येक जोडणीस मीटर, आणि दर चढता: गरजेपुरतें पाणी स्वस्त, त्यापुढें वापर वाढेल तसें महाग. चोवीस तास पाणी असल्यावर वापर कां घटतो, हें पुरुषांपेक्षां गृहिणींस लौकर समजेल. दिवसांतून तासभर पाणी येणाऱ्या घरांत पिंप, कळशी, बादली, पातेलें, सारीं भरून ठेवतात; आणि दुसऱ्या दिवशीं ताजें आलें कीं कालचें 'शिळें' म्हणून मोरींत ओततात. पाणी शिळें होतें ही कल्पना आपल्या स्वयंपाकघरांत फार खोल रुजली आहे. आठ महिने धरणांत राहून जें शिळें झालें नाहीं, तें एका रात्रींत पिंपांत शिळें होतें! पाणी उद्यां येईल कीं नाहीं ही धास्ती गेली म्हणजे सांठा करणें जातें, आणि सांठा गेला म्हणजे ओतणेंहि जातें. उधळपट्टीच्या पोटीं पुष्कळदां चैन नसते, अविश्वास असतो. आणि तो दूर करणें हें नागरिकाचें नव्हे, नगरपालिकेचें काम आहे. ठाण्यांतहि गेल्या कांहीं वर्षांत नळजोडण्यांस मीटर बसविण्यांत आले आहेत. परंतु मीटर संकुलाच्या दाराशीं आणि बिल सर्व घरांवर सारखें वांटलेलें, अशी रीत जेथें असते, तेथें दोन माणसांचें घर आणि सात माणसांचें घर, जपणारा आणि सांडणारा, एकाच मापानें मोजले जातात.

तथापि चढत्या दरावरच सारी भिस्त ठेवावी असें म्हणणारांशीं आमचा मतभेद आहे. दरानें गरिबाचा हात आंखडतो, श्रीमंताचा नाहीं. ज्याला पोहण्याचा तलाव पाहिजे त्याला दर दुप्पट झाला म्हणून तो बुजवावासा वाटत नाहीं. उलट भरलेल्या पावतीनें त्याच्या मनाची उरलीसुरली टोंचणीहि नाहींशी होते. पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे ह्यांनीं १९७२च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, तिनें हा प्रश्न अधिक मुळाशीं जाऊन सोडविला. पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे, तर घरांतील डोक्यांवर: दरमाणशीं अर्ध्या एकरापुरतें, आणि कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांपुरतें. ज्याला जमीन नाहीं त्यालाहि पाण्यांत वांटा. आणि ऊंस कोणींच लावावयाचा नाहीं, मग तो पैसे मोजण्यास कितीहि तयार असो. साळुंखे स्वतः कारखानदार होते. बाजार म्हणजे काय हें त्यांस शिकविण्याची गरज नव्हती. तरी त्यांनीं पाणी बाजाराबाहेर ठेवलें. शहरास हा नियम जसाच्या तसा लागू करतां येणार नाहीं, हें उघड आहे. पण त्याचें बीज येथेंहि रुजूं शकेल: माणसापुरतें पाणी हक्काचें, त्यापुढचें मोलाचें, आणि एका मर्यादेपुढें तें विकतहि मिळूं नये.

घरगुती उपाय सर्वांस पाठ आहेत. गळका नळ थेंबाथेंबानें दिवसाकांठीं पंधरावीस लिटर दवडतो. पाणी शुद्ध करण्याचें यंत्र एका लिटरामागें दोन-तीन लिटर टाकून देतें, आणि तें लादी पुसण्यास उत्तम चालतें. हा पाठ पुन्हां म्हणण्यांत हंशील नाहीं. खरी अडचण आहे ती न्हाणीचें आणि धुण्याचें पाणी शुद्ध करून पुन्हां वापरण्याची. कारण ती यंत्राची नसून मनाची आहे. नळाच्या चकतींतील चामड्यानें सोवळें मोडतें कीं काय, ह्यावर एके काळीं आपल्या शहरांतून वाद झाले होते. गरज पुढें येतांच ते विरले. आज जीं कुटुंबें त्या वादास हंसतात, तींच शौचकूपाच्या टांकींत कालचें न्हाणीचें पाणी सोडण्याची गोष्ट निघतांच नाकाला पदर लावतात.

जमिनीखालचें पाणी हा तर ह्या प्रकरणांतला सर्वांत अंधारा भाग आहे. जमीन आपली म्हणजे तिच्याखालचें पाणीहि आपलें, ही समजूत कायद्यानेंच दीर्घकाळ पोसली. म्हणून पाणी कमी पडलें कीं संकुलें विंधनविहिरी घेतात. शेजारच्या इमारतीची अधिक खोल गेली कीं आपली आटते, मग आपण तिच्याहून खोल जातों. ठाण्यांत अशीच एक विंधनविहीर खोदली जात असतां, शेंकडों फूट खालून जाणाऱ्या मुंबईच्या जलबोगद्यास इजा झाली; आणि त्याच्या दुरुस्तीकरितां ३१ मार्च २०२३पासून मुंबईस पंधरा टक्के पाणीकपात सोसावी लागली. खोदणाराच्या मनांत मुंबईचें पाणी तोडावयाचें नव्हतें. त्याला केवळ आपल्या जागेपुरतें पाणी हवें होतें, आणि आपल्या जागेखालीं दुसऱ्या कोणाचें पाणी वाहत असेल हा विचारच त्याच्या हिशेबांत नव्हता.

टँकरची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. तो रिकामा येत नाहीं. कोणत्या तरी विहिरींतून, कोणत्या तरी वस्तीच्या शेजारून भरून येतो, आणि त्या विहिरीवर दुसऱ्या कोणाची कळशी उभी असते. गृहसंकुलांच्या वार्षिक सभांतून टँकरच्या बिलावर तास तास वाद होतात. दर काय लावला, फेऱ्या खरोखर किती झाल्या, सही कोणीं केली, ह्यांचा कीस काढला जातो. हें पाणी कोणत्या गांवच्या विहिरींतून आणलें, हा प्रश्न एखाद्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं.